रोज ०.५० : नोंदवहीतलं क्लोरिन आणि नळातलं पाणी

गावच्या पाणीपुरवठ्यावर काम करायचं ठरवलेल्या विद्यार्थ्याचा पहिला प्रस्ताव साधारण ठरलेला असतो. एक तालुका घ्यायचा, तिथल्या तीस-चाळीस ग्रामपंचायती निवडायच्या, क्लोरिनेशनच्या नोंदी आणि प्रयोगशाळेचे अहवाल गोळा करायचे, आणि शेवटी किती टक्के योजना मानकात बसतात याचा तक्ता काढायचा. प्रस्ताव वाईट नाही. गाइडही बहुधा ‘चालेल’ म्हणतात. पण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे आणि त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही: नोंदवहीतला आकडा पाण्याबद्दल काही सांगतो.

कधी सांगतो, कधी नाही. या फरकाने काय होऊ शकतं हे दाखवणारं एक प्रकरण पुढे येतंच, पण आधी मानक नेमकं काय मागतं ते बघू.

भारतीय मानक ब्युरोचं आयएस १०५०० (२०१२ ची आवृत्ती) पिण्याच्या पाण्यासाठी भरपूर घटकांच्या मर्यादा देतं. छोट्या योजनेच्या रोजच्या कामात त्यातल्या दोन गोष्टी सगळ्यात जास्त महत्त्वाच्या. एक, १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये. दोन, क्लोरिन वापरत असाल तर ग्राहकाच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे गावात म्हणतात तसं ०.२ पीपीएम, मुक्त क्लोरिन शिल्लक असलं पाहिजे. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा किमान ०.५.

हे दोन नियम एकाच यादीत बसत असले तरी त्यांची जात वेगळी आहे. ई. कोलायचा निकाल यायला निदान एक दिवस जातो, आणि नमुना तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा तर त्याहून जास्त. निकाल हातात येतो तेव्हा ते पाणी गावाने पिऊन झालेलं असतं. क्लोरिनची चाचणी दोन मिनिटांत होते. म्हणजे आज सकाळच्या पाण्याबद्दल आज सकाळीच काही सांगू शकणारा छोट्या योजनेतला जवळजवळ एकमेव आकडा म्हणजे शिल्लक क्लोरिन.

आणि हा आकडा फक्त ‘औषध किती उरलं’ एवढंच सांगत नाही. पाण्यात क्लोरिन टाकलं की त्याचा काही भाग सेंद्रिय घाण, अमोनिया, लोह वगैरेंशी अभिक्रिया करण्यात खर्ची पडतो. याला क्लोरिनची मागणी म्हणतात. डोसमधून मागणी वजा केली की उरतं ते शिल्लक क्लोरिन. डोस रोजचाच ठेवला आणि शिल्लक अचानक शून्यावर आली, तर अर्थ सरळ आहे: पाण्यात आज काहीतरी नवीन आलंय. म्हणून शिल्लक क्लोरिन हे निर्जंतुकीकरणाचं मोजमाप तर आहेच, शिवाय धोक्याची घंटाही आहे. पण घंटा वाजायला रोज कुणीतरी खरोखर मोजावं लागतं.

आता ते प्रकरण. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं गाव आहे. २००० साली लोकवस्ती सुमारे ४,८००. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढी. पाणी विहिरींचं, त्यात क्लोरिन टाकून नळाने पुरवलं जायचं. मे २००० मध्ये ८ ते १२ तारखेदरम्यान जोराचा पाऊस झाला. गावाच्या पाच नंबरच्या विहिरीजवळ एक शेत होतं आणि तिथे शेणखत टाकलेलं होतं. शेतकऱ्याने सगळं नियमाप्रमाणेच केलेलं होतं, चौकशीत त्याला दोष दिला गेला नाही. विहीर मात्र उथळ होती. तिचं पाणी जमिनीखाली पाच ते आठ मीटरवरून यायचं. शेणातले जंतू पावसाच्या पाण्याबरोबर झिरपून विहिरीत आणि तिथून नळात गेले. ई. कोलाय ओ१५७:एच७ आणि कॅम्पिलोबॅक्टर हे ते जंतू. २,३०० हून जास्त माणसं आजारी पडली, ७ जण दगावले.

न्यायमूर्ती डेनिस ओ’कॉनर यांच्या चौकशीचा पहिला अहवाल २००२ मध्ये आला. पाणीपुरवठ्यावर संशोधन करायचं असेल तर तो मुळातून वाचाच. रसायनशास्त्र आणि कार्यालयीन सवयी एकमेकींत कशा गुंततात हे इतकं नीट मांडलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

नियमाप्रमाणे तिथे क्लोरिन १५ मिनिटं पाण्यात राहिल्यावर ०.५ मि.ग्रॅ. प्रति लिटर शिल्लक हवी होती आणि ती रोज मोजायची होती. रोजच्या तक्त्यात आकडे होतेही. बहुतेक ठिकाणी ०.५० किंवा ०.७५. प्रत्यक्षात बऱ्याचदा मोजणी झालीच नव्हती, आणि वर्षानुवर्षं डोसही पुरेसा दिला जात नव्हता. प्रयोगशाळेला पाठवायच्या बाटल्यांचंही तेच: एका ठिकाणी भरलेल्या बाटलीवर दुसऱ्याच ठिकाणाचं नाव.

इथे ‘भ्रष्ट कर्मचारी’ म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण त्याने संशोधन तिथेच थांबतं. ते कर्मचारी स्वतः तेच पाणी क्लोरिनशिवाय पीत होते. विहिरीचं पाणी मुळातच चांगलं आहे यावर त्यांचा खरा विश्वास होता. नळाच्या पाण्याला वास येतो म्हणून गावकऱ्यांच्या तक्रारी येत होत्या. आणि त्यांचा परवाना अनुभवाच्या जोरावर, परीक्षा न देता मिळालेला होता. ओळखीचं वाटतं ना? ‘पाण्याला औषधाचा वास येतो, कमी टाका’ हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही गावातल्या पाणी सोडणाऱ्या माणसाने ऐकलेलं असतं. वास येतो म्हणून शिव्या खाव्या लागतात, वास नाही आला तर कुणी काही बोलत नाही. अशा ठिकाणी डोस कुठल्या बाजूला सरकेल हे सांगायला मॉडेल लागत नाही.

अहवालाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. पाच नंबरच्या विहिरीवर क्लोरिन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं असती, तर ही साथ टळली असती. नुसती रोज हाताने चाचणी झाली असती तरी साथीचा आवाका बराच कमी झाला असता. म्हणजे वर म्हटलेली घंटा होती, तिच्यापाशी माणूस नेमलेला होता, आणि तक्त्यात ती रोज तपासल्याची नोंदही होती.

सरकारी तपासणी १९९१, १९९५ आणि १९९८ अशी तीनदा झाली. संशोधक म्हणून मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच वाटते. रोजचे तक्ते कुणी नीट चाळले असते तर सगळीकडे तेच दोन आकडे बघून शंका यायला हवी होती. पाणी असं वागत नाही. डोस तोच असला तरी तापमान, वापर, पंपाची वेळ, पाऊस यांच्यामुळे शिल्लक क्लोरिन वरखाली होतंच. खऱ्या मोजणीत गोंगाट असतो, आणि तो नसेल तर आकडे कुठून आले हे विचारावं लागतं.

हेच डोळे घेऊन आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात बहुतेक छोट्या योजनांमध्ये क्लोरिन म्हणजे टीसीएल पावडर. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत किंवा विहिरीत सोडायची. हे काम जलसुरक्षक किंवा पाणी सोडणारा कर्मचारी करतो. शिल्लक क्लोरिन बघण्यासाठी ओटी चाचणी, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते बघणं. आरोग्य विभागाच्या सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं.

समजा, अशा एखाद्या गावाची ओटी चाचणीची वही तुमच्या हातात आली आणि तीन महिने रोज ०.५ लिहिलेलं दिसलं. वॉकर्टन वाचून आलेला विद्यार्थी लगेच म्हणेल, खोट्या नोंदी! थांबा. रंग जुळवून बघण्याच्या साध्या पेटीत मोजक्याच छटा असतात. खरं पाणी ०.३५ ते ०.६ मध्ये हिंदकळत असेल तरी प्रामाणिक माणूस रोज ०.५ च लिहील. म्हणजे एकसारखेपणा काही प्रमाणात उपकरणातूनच येतो. शिवाय ओटी चाचणीत मुक्त आणि संयुक्त क्लोरिन नीट वेगळं करता येत नाही, लोह-मँगनीज असेल तर ते उगाच रंग देतात, आणि ऑर्थोटोलिडिन आरोग्याला घातक असल्याचा संशय असल्याने जगभर आता डीपीडी चाचणीला पसंती आहे. तुम्ही स्वतः मोजणार असाल तर डीपीडीच वापरा.

मग खरं-खोटं कसं ओळखायचं? वहीच्या बाहेर जाऊन. पहिल्या मोठ्या पावसाच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशीची नोंद बघा. दोन दिवस वीज नव्हती, पंप चाललाच नाही, त्या दिवशीही ०.५ आहे का? कर्मचारी लग्नाला गेला होता त्या आठवड्याचं काय? आणि त्याच दिवशी, त्याच नळाला तुमचं स्वतःचं वाचन घेऊन वहीशेजारी ठेवा. तीन महिन्यांच्या वहीपेक्षा न सांगता घेतलेली अशी वीस जोड-वाचनं जास्त बोलकी असतात. वाचन टाकीखाली घेऊ नका, किंवा घेतलंत तर गावाच्या टोकाच्या नळालाही घ्या. पाइपातून जाता जाता क्लोरिन कमी होतं. आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दोन तासच येतं. बाकी वेळ पाइप रिकामा असतो आणि गळक्या सांध्यातून बाहेरचं पाणी आत ओढलं जाऊ शकतं. टाकीखालचा ०.५ आणि शेवटच्या नळाचा शून्य हे दोन्ही आकडे एकाच सकाळी खरे असू शकतात.

आता एक उदाहरण, ज्यात कुणीच खोटं बोलत नाही. मला ते वॉकर्टनपेक्षाही जास्त अस्वस्थ करणारं वाटतं. गावाची टाकी ५०,००० लिटरची. समजा, हजार लिटरला ५ ग्रॅम असा हिशेब ठरलाय, म्हणजे रोज २५० ग्रॅम टीसीएल. ताज्या, चांगल्या पावडरमध्ये साधारण ३३ टक्के उपलब्ध क्लोरिन असतं. म्हणजे ८२.५ ग्रॅम क्लोरिन, डोस १.६५ पीपीएम. पाण्याची मागणी १.२ धरली तर शिल्लक ०.४५. छान. आता तीच पोती ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर उघड्या तोंडाने पडली आणि क्लोरिन उडून २० टक्क्यांवर आलं. कर्मचारी तेवढीच, २५० ग्रॅम पावडर टाकतोय. क्लोरिन ५० ग्रॅम, डोस १.० पीपीएम. मागणी तर १.२ ची आहे. शिल्लक शून्य.

डोसच्या नोंदवहीत दोन्ही महिन्यांत ‘टीसीएल २५० ग्रॅम’ असंच लिहिलंय, आणि ते अक्षरशः खरं आहे. तुमच्या तक्त्यात हे गाव दोन्ही महिने ‘पालन करणारं’ म्हणून जाईल. नोंद वजनाची होती, क्लोरिनची नव्हती. म्हणून साठ्याची वही, पोत्यावरची उत्पादनाची तारीख आणि शक्य असेल तर पावडरच्या नमुन्याची तपासणी, हे तिन्ही प्रस्तावात असू द्या. साठ्याच्या वहीचा आणखी एक फायदा आहे. रोज २५० ग्रॅम म्हणजे महिन्याला साडेसात किलो. चार महिन्यांत ३० किलो लागायला हवी होती आणि २५ किलोचं एकच पोतं आलंय, तेही अर्धं शिल्लक आहे, तर डोसची वही तुम्हाला वेगळ्या नजरेने वाचावी लागेल.

प्रयोगशाळेच्या अहवालांकडे वळू. इथे आकडेवारीची एक छोटी गोष्ट सगळ्यांना माहीत हवी, पण एम.एस्सी.ला ती कुणी शिकवत नाही. समजा, गावाचे वर्षभरात १२ नमुने तपासले आणि एकातही ई. कोलाय सापडला नाही. गावाचं पाणी सुरक्षित? शून्य आढळलं म्हणजे दूषित असण्याची शक्यता शून्य, असं होत नाही. ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की दूषित दिवसांचं प्रमाण २२ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. हिशेब सोपा आहे: ०.०५ चं बारावं मूळ काढायचं आणि १ मधून वजा करायचं. नमुने भरपूर असतील तर नुसतं ३ भागिले नमुन्यांची संख्या केली तरी अंदाज येतो. २२ टक्के म्हणजे वर्षातले ८० दिवस! आणि जैविक तपासणी वर्षातून दोनदाच, पावसाळ्याआधी आणि नंतर झाली असेल, तर हीच वरची मर्यादा ७८ टक्क्यांवर जाते. दोन स्वच्छ अहवालांवरून गावाबद्दल जवळजवळ काहीच म्हणता येत नाही.

हेसुद्धा नमुने यादृच्छिक दिवशी घेतले असं धरून. प्रत्यक्षात ते सोयीच्या दिवशी घेतले जातात: रस्ता चालू असताना, प्रयोगशाळा उघडी असताना, पाऊस नसताना. दूषित होण्याची वेळ नेमकी उलटी असते. वॉकर्टनमध्ये सगळा खेळ एका पावसाच्या आठवड्याचा होता. पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा नमुना ठरलेल्या वेळी, अगदी नियमाने घेतला, तरी जूनच्या पहिल्या जोरदार सरीनंतरचे चार दिवस निसटतातच. म्हणून तुमच्या नमुना-योजनेत तारखांऐवजी प्रसंग टाका: पहिला मोठा पाऊस, पाइप फुटल्यानंतरची दुरुस्ती, लांबलेली वीजकपात. आठ नमुने असे घेतलेले असले, तर ते दरमहा पाच तारखेच्या बारांपेक्षा मला जास्त उपयोगाचे वाटतात. वर्षाची सरासरी मात्र त्यांच्यावरून काढू नका. ते मुद्दाम वाईट दिवस निवडून घेतलेले आहेत. हे परीक्षक व्हायव्हाला विचारतातच.

वहीतल्या रिकाम्या ओळींबद्दल थोडक्यात. त्या ‘मिसिंग डेटा’ म्हणून गाळू नका आणि सरासरीने भरू तर अजिबात नका. नोंद राहून जाण्याचं कारण आणि पाणी खराब होण्याचं कारण बऱ्याचदा एकच असतं: माणूस नव्हता, वीज नव्हती, पूर होता. उलट रिकाम्या ओळी असलेली वही मला जास्त विश्वासाची वाटते.

या सगळ्यासाठी माणसं तुमच्याशी बोलायला हवीत. विद्यापीठाचं पत्र दाखवून ‘नोंदवही दाखवा’ म्हटलंत तर तुम्ही त्यांच्यासाठी कार्डवाले साहेब होता, आणि साहेबांना दाखवायची वही नेहमी नीट असते. ‘काका, रोज टीसीएल टाकता का?’ या प्रश्नाला ‘हो’ याशिवाय उत्तर नाही. त्यापेक्षा ‘काका, हे पोतं कधी फोडलं?’, ‘वास येतो म्हणून कुठल्या आळीतून तक्रार येते?’, ‘तुम्ही सुट्टीवर असता तेव्हा कोण बघतं?’ असं विचारा. ही माणसं तुटपुंज्या मानधनावर पहाटे उठून व्हॉल्व्ह फिरवतात. त्यांना पकडणं हा तुमच्या प्रबंधाचा विषय नाही. त्यांचं नाव आणि गावाचं नावही कुठल्याच तक्त्यात ओळखू येणार नाही, ही काळजी घ्या.

आता संशोधन-नीतीची गोष्ट, आणि त्यासाठी परत वॉकर्टन. १५ मे रोजी घेतलेल्या नमुन्यांचे निकाल खासगी प्रयोगशाळेने १७ मे रोजी पाणीपुरवठा व्यवस्थापकाला कळवले. पाणी दूषित होतं. प्रयोगशाळेने ते फक्त आपल्या ग्राहकाला सांगितलं. आरोग्य विभागाला किंवा पर्यावरण मंत्रालयाला कळवण्याची कायद्याने सक्ती नव्हती. व्यवस्थापकाने निकाल दाबून ठेवला. आरोग्य विभागाने विचारलं तेव्हा पाणी ठीक आहे असं उत्तर मिळालं. शेवटी आरोग्य विभागाने स्वतःच्या अंदाजावर २१ मे रोजी पाणी उकळून प्यायची सूचना काढली. ती १९ मेला निघाली असती तर ३०० ते ४०० जणांचं आजारपण टळलं असतं, असं चौकशी अहवाल म्हणतो.

तुम्ही नमुने घेता तेव्हा तुम्ही ती प्रयोगशाळा असता. तुमच्या इनक्युबेटरमधल्या प्लेटवर वसाहती दिसतायत किंवा एचटूएसची कुपी काळी पडलीय, हे त्या क्षणी जगात फक्त तुम्हाला माहीत असतं. ‘डेटा अजून प्रकाशित व्हायचाय’ हे गप्प बसण्याचं कारण होऊ शकत नाही. एचटूएस चाचणी ई. कोलायची खात्री देत नाही, फक्त विष्ठाजन्य दूषिततेची शक्यता दाखवते, हे खरं. पण पाणी उकळून प्या आणि टीसीएल तपासा, एवढं सांगायला ती पुरेशी आहे. त्यामुळे नीती समितीच्या अर्जातच लिहून ठेवा: निकाल दूषित आला तर त्याच दिवशी सरपंच किंवा ग्रामसेवक आणि प्राथमिक आरोग्य केंद्र या दोघांनाही कळवायचं, एकालाच नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा नमुना घ्यायचा, आणि गावाला ही अट नमुने घेण्याआधीच सांगायची, म्हणजे नंतर दगाफटका केल्यासारखं वाटत नाही. फोन नंबर क्षेत्रकार्याच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. कुप्या बहुधा शनिवारी रात्रीच काळ्या पडतात, आणि त्या वेळी गाइडचा फोन लागत नाही.